मॅकार्थी निवडणूक मोहीम, १९६८

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमॉक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिनेसोटा राज्याचा सीनेट-सदस्य यूजीन मॅकार्थी (२९ मार्च १९१६–१० डिसेंबर २००५) यास मिळावी, म्हणून त्याच्या उदारमतवादी पाठीराख्यांनी चालविलेली मोहीम. अधिकारावर असलेल्या स्वपक्षीय अध्यक्षाविरुद्ध व्हिएटनाम युद्धाच्या प्रश्नावर उभी राहिलेली ही मोहीम आपला उमेदवार निवडून आणू शकली नाही. तथापि तिच्यामुळे अध्यक्ष लिंडन जॉन्सनचे राजकीय भवितव्य पालटले आणि अध्यक्षपदाचे उमेदवार ठरविण्याची अमेरिकन पद्धती पुढील चार वर्षांत मुळापासून बदलली. कम्युनिस्टविरोधी चौकश्यांमुळे १९५० नंतरच्या दशकात कुप्रसिद्ध झालेला विस्कॉन्सिनचा सीनेट-सदस्य जोसेफ मॅकार्थी याच्याशी या मोहिमेचा संबंध नाही.

पार्श्वभूमी : ‘उदारमतवादी’ या संज्ञेला अमेरिकन राजकारणात यूरोपातील अर्थाहून वेगळा अर्थ आहे. यूरोपात तिने प्रामुख्याने शासनाचा हस्तक्षेप कमी असावा असे मानणारी विचारसरणी दर्शविली जाते. अमेरिकेत फ्रँक्लिन रूझवेल्टच्या ‘न्यू डील’ कार्यक्रमापासून शासनाने अर्थव्यवहाराचे नियमन करावे, कामगार संघटनांना संरक्षण द्यावे, सामाजिक विम्याची तरतूद करावी व कृष्णवर्णीयांना समान नागरी हक्क मिळवून द्यावेत, असा आग्रह धरणाऱ्यांना उदारमतवादी म्हणण्याचा प्रघात पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर या गटाने कम्युनिस्टविरोधी परराष्ट्रधोरणाचाही पुरस्कार केला. १९४७ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन्स फॉर डेमॉक्रॅटिक ॲक्शन’ ही संघटना या दुहेरी भूमिकेची प्रमुख प्रतिनिधी होय. पुढे जॉन्सनचा उपाध्यक्ष झालेला ह्यूबर्ट हंफ्री तिच्या संस्थापकांपैकी एक होता.

या पार्श्वभूमीमुळे १९६८ मधील पेच अवघड झाला. अंतर्गत धोरणाच्या कसोटीवर पाहता जॉन्सन हा रूझवेल्टनंतरचा सर्वांत कर्तबगार उदारमतवादी अध्यक्ष होता. १९६४ चा नागरी हक्क अधिनियम, १९६५ चा मतदान हक्क अधिनियम आणि वृद्धांसाठीची वैद्यकीय विमायोजना हे सर्व त्याच्याच कारकीर्दीत संमत झाले होते. व्हिएटनाममधील युद्धही त्याच्याच कारकीर्दीत वाढले. ऑगस्ट १९६४ मध्ये टाँकिन आखाताविषयीचा ठराव सीनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत मॅकार्थीही होता. १९६७ च्या अखेरीस सु. ४,८५,००० अमेरिकन सैनिक व्हिएटनाममध्ये होते. ज्याने आपला कार्यक्रम प्रत्यक्षात आणला, त्याच अध्यक्षाला युद्धासाठी विरोध करावयाचा की नाही, हा प्रश्न उदारमतवाद्यांपुढे उभा राहिला.

उमेदवाराचा शोध : मोहिमेचा आरंभ उमेदवारापासून झाला नाही, तर पाठीराख्यांपासून झाला. न्यूयॉर्कचा तरुण वकील व कार्यकर्ता ॲलार्ड लोवेनस्टाइन याने कर्टिस गॅन्स व इतर सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये ‘जॉन्सन हटाव’ चळवळ सुरू केली आणि विद्यापीठांतून व डेमॉक्रॅटिक मंडळांतून पाठिंबा गोळा केला. जॉन्सनविरुद्ध उभे राहण्याची विनंती त्याने प्रथम न्यूयॉर्कचा सीनेट-सदस्य रॉबर्ट केनेडी यास केली. केनेडीने ती नाकारली. साउथ डकोटाच्या जॉर्ज मॅक्‌गव्हर्नला १९६८ मध्ये स्वतःची सीनेटची निवडणूक लढवावयाची होती, म्हणून त्यानेही नकार दिला. मॅकार्थीची सीनेटमधील मुदत १९७१ च्या आरंभापर्यंत होती. त्याने होकार दिला आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी काही राज्यांतील प्राथमिक निवडणुका लढविण्याचे जाहीर केले.

मॅकार्थी हा कॅथलिक परंपरेत वाढलेला, काही काळ अध्यापन केलेला व कविता लिहिणारा राजकारणी होता. १९४९ ते १९५९ या काळात तो प्रतिनिधिगृहाचा व त्यानंतर सीनेटचा सदस्य होता. १९६० च्या पक्ष-अधिवेशनात ॲड्लाय स्टीव्हन्सनच्या नावाची सूचना मांडताना त्याने केलेले भाषण गाजले होते. त्याची वक्तृत्वशैली शांत व काहीशी उपरोधिक होती. सभेला चेतविण्याऐवजी तो युक्तिवाद करी. त्याचे पाठीराखे हा त्याचा गुण मानीत, तर व्यावसायिक राजकारण्यांना तो दोष वाटे. फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘अमेरिकन्स फॉर डेमॉक्रॅटिक ॲक्शन’ने त्याला पाठिंबा दिला, तेव्हा कामगार संघटनांचे काही नेते त्या संस्थेतून बाहेर पडले. उदारमतवादी आघाडीतील फूट तेथपासून उघड झाली.

उमेदवारी देण्याची तत्कालीन पद्धती : अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातील प्रतिनिधी बहुमताने निवडतात. १९६८ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारीसाठी १,३१२ मतांची आवश्यकता होती. प्रतिनिधी निवडण्याची रीत प्रत्येक राज्यात निराळी होती. थोड्याच राज्यांत पक्षाच्या मतदारांनी थेट कौल देण्याची, म्हणजे प्राथमिक निवडणुकीची पद्धत होती आणि त्यांपैकीही काही राज्यांत हा कौल प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता. इतर बहुतेक राज्यांत राज्यपाल, महापौर, पक्षाचे स्थानिक अधिकारी व कामगार नेते यांच्या प्रभावाखालील समित्या व मेळावे प्रतिनिधी ठरवीत. जॉर्जियात तर ही निवड व्यवहारतः राज्यपालाच्या हाती होती. देशातील सु. एकतृतीयांश प्रतिनिधींच्या निवडीची प्रक्रिया निवडणुकीचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच पार पडलेली असे. शिवाय ‘एकगठ्ठा मतदानाच्या’ नियमानुसार काही राज्यांच्या प्रतिनिधिमंडळांतील बहुसंख्य गट अल्पसंख्य सदस्यांची मतेही आपल्या उमेदवाराला देऊ शके. मॅकार्थीच्या पाठीराख्यांपैकी अनेकांना या नियमांची माहिती मोहिमेतच झाली.

न्यू हँपशर : पहिली प्राथमिक निवडणूक न्यू हँपशर या लहान राज्यात १२ मार्च १९६८ रोजी होती. राज्यातील डेमॉक्रॅटिक मतदार प्रामुख्याने कामगारवर्गीय व युद्धाला अनुकूल समजले जात. वर्षारंभी मॅकार्थीला तेथे फार थोडी मते मिळतील असा अंदाज होता. जानेवारीच्या अखेरीस व्हिएटनाममध्ये टेट सणाच्या वेळी कम्युनिस्टांनी केलेल्या व्यापक हल्ल्यामुळे युद्ध संपत आल्याच्या सरकारी दाव्यावरील विश्वास उडाला. मतदानाच्या दोन दिवस आधी सेनाधिकाऱ्यांनी आणखी २,०६,००० सैनिक मागितल्याची बातमी प्रसिद्ध झाली.

प्रचाराचे काम मुख्यत्वे ईशान्येकडील विद्यापीठांतून आलेल्या हजारो विद्यार्थ्यांनी केले. बंडखोर तरुणांविषयी गावांतील लोकांच्या मनात असलेला संशय दूर व्हावा, म्हणून मुलांनी दाढ्या काढल्या, केस कापले. मुलींनी साधे स्कर्ट घातले. यूजीन नावाच्या ‘जीन’ या लघुरूपावरून ‘जीनसाठी नीटनेटके’ अशा अर्थाची घोषणा रूढ झाली. ज्यांना वेश बदलणे मान्य नव्हते, त्यांना तळघरातील कचेऱ्यांत पत्रके भरणे, याद्या करणे अशी कामे दिली जात. घरोघर जाताना वाद घालू नये, मतदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे व त्याची नोंद करावी, अशा सूचना होत्या. थंडीत दारोदार हिंडणाऱ्या या विद्यार्थ्यांना अनेक घरांत आत बोलावून घेतले जाई.

जॉन्सनने आपली उमेदवारी जाहीर केलेली नव्हती. त्यामुळे मतपत्रिकेवर त्याचे नाव छापलेले नव्हते आणि त्याच्या समर्थकांना ते हाताने लिहावे लागणार होते. त्याच्या बाजूच्या नेत्यांनी मतदारांना क्रमांक घातलेली, तीन भागांची वचनपत्रे वाटली. त्यांचा एक भाग अध्यक्षाकडे पाठविला जाणार होता. हा गुप्त मतदानावरील दबाव आहे, असा प्रचार मॅकार्थीच्या पक्षाने केला व तो परिणामकारक ठरला. मतमोजणीत जॉन्सनला ४९·६ टक्के आणि मॅकार्थीला ४१·९ टक्के मते मिळाली. रिपब्लिकन मतदारांनी लिहिलेली मतेही धरल्यास दोघांतील अंतर काही शेकड्यांचेच होते. प्रतिनिधींच्या २४ जागांसाठी जॉन्सनच्या बाजूने त्याहून बरेच अधिक इच्छुक उभे राहिले व त्यांची मते विभागली. मॅकार्थीच्या बाजूने नेमके २४ उमेदवार होते. परिणामतः २४ पैकी २० जागा मॅकार्थीला मिळाल्या. हा निकाल वृत्तपत्रांनी त्याचा विजयच मानला.

तथापि या मतांचा अर्थ सरळ नव्हता. राज्यशास्त्रज्ञांच्या पाहणीत पुढे असे आढळले, की न्यू हँपशरमधील मॅकार्थीच्या मतदारांत युद्ध अधिक तीव्र करावे असे म्हणणाऱ्यांची संख्या माघारवाद्यांपेक्षा जास्त होती. युद्ध जसे चालले होते त्याविषयीचा असंतोष दोन्ही टोकांच्या मतदारांना एकाच उमेदवाराकडे घेऊन आला होता. कार्यकर्त्यांचा हेतू आणि मतदारांचा हेतू यांत पडलेले हे अंतर या मोहिमेच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते.

केनेडीचा प्रवेश व प्राथमिक निवडणुका : न्यू हँपशरच्या निकालानंतर चारच दिवसांनी, १६ मार्च रोजी रॉबर्ट केनेडीने उमेदवारी जाहीर केली. धोका पत्करण्याची वेळ होती तेव्हा तो मागे राहिला व वाट मोकळी होताच पुढे आला, अशी मॅकार्थीच्या अनुयायांची भावना झाली. ३१ मार्च रोजी जॉन्सनने दूरचित्रवाणीवरील भाषणात उत्तर व्हिएटनामवरील बाँबहल्ले मर्यादित करण्याची घोषणा केली व आपण पुन्हा उमेदवार होणार नसल्याचे सांगितले. त्याच्या या निर्णयामागे प्रकृती, सल्लागारांचे बदललेले मत व युद्धातील कोंडी ही कारणे होतीच. दोन दिवसांनी होणाऱ्या विस्कॉन्सिनच्या निवडणुकीत पराभवाची चिन्हेही स्पष्ट दिसत होती. तेथे मॅकार्थीला सु. ५६ टक्के मते पडली.

मोहिमेचा उद्देश एका अर्थी सफल झाला होता; पण आता विरोध करण्यास जॉन्सन उरला नाही आणि उदारमतवाद्यांपुढे तीन उदारमतवादी उभे राहिले. ४ एप्रिल रोजी कृष्णवर्णीयांचा नेता मार्टिन ल्यूथर किंग याची हत्या झाली व अनेक शहरांत दंगली उसळल्या. २७ एप्रिल रोजी उपाध्यक्ष हंफ्रीने उमेदवारी घोषित केली. त्याने एकही प्राथमिक निवडणूक लढविली नाही. पक्षाचे अधिकारी व कामगार संघटना यांच्यावर त्याची भिस्त होती. केनेडीचा पाठिंबा कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषी व गरीब कामगार यांच्यात अधिक होता, तर मॅकार्थीचा उपनगरांतील सुशिक्षित मध्यमवर्गात. इंडियाना व नेब्रॅस्कात केनेडी विजयी झाला. २८ मे रोजी ऑरेगनमध्ये मॅकार्थीने त्याला हरविले. केनेडी कुटुंबातील व्यक्तीचा निवडणुकीतील तो पहिलाच पराभव होता. ४ जून रोजी कॅलिफोर्नियात केनेडीने सु. ४६ विरुद्ध ४२ टक्के मतांनी विजय मिळविला. त्याच रात्री त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व ६ जून रोजी त्याचे निधन झाले.

या आघातानंतर मॅकार्थीचा उत्साह ओसरला. केनेडीच्या अनुयायांना जवळ करण्याचा पुरेसा प्रयत्न त्याने केला नाही. ऑगस्टमध्ये सोव्हिएट फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, तेव्हाही त्याने त्या घटनेचे गांभीर्य कमी लेखले. पक्षयंत्रणेचा अनुभव तर पाठीराख्यांना आधीच आला होता : पेनसिल्व्हेनियात मॅकार्थीला प्राथमिक निवडणुकीत सत्तर टक्क्यांहून अधिक मते मिळूनही त्या राज्याचे बहुसंख्य प्रतिनिधी हंफ्रीच्या बाजूला गेले.

शिकागो अधिवेशन व निवडणूक : पक्षाचे अधिवेशन २६ ते २९ ऑगस्ट १९६८ या काळात शिकागोत भरले. बाँबहल्ले बिनशर्त थांबवावेत, अशा आशयाचा जाहीरनाम्यातील शांतताविषयक मसुदा सु. १,५६८ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळण्यात आला. २८ ऑगस्टच्या रात्री महापौर रिचर्ड डेलीच्या पोलिसांनी रस्त्यांवरील निदर्शकांना केलेली मारहाण दूरचित्रवाणीवर देशभर दिसली. पुढे चौकशी-अहवालात तिचे वर्णन ‘पोलिसांची दंगल’ असे करण्यात आले. उमेदवारीच्या मतदानात हंफ्रीला सु. १,७६० मते मिळाली, तर मॅकार्थीला ६०१ व ऐनवेळी उभ्या राहिलेल्या मॅक्‌गव्हर्नला सु. १४६. अधिवेशनानंतरच्या पहाटे मॅकार्थीच्या कार्यकर्त्यांच्या हॉटेलातील मजल्यावरही पोलीस शिरले व त्यांनी तरुण कार्यकर्त्यांना मारहाण केली.

हंफ्रीला पाठिंबा द्यावा की नाही, या प्रश्नावर मोहिमेत दुफळी झाली. नागरी हक्कांसाठी वीस वर्षे झगडलेल्या हंफ्रीला नाकारणे म्हणजे रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सनला मदत करणे होय, असे एका गटाचे म्हणणे होते. युद्धाचे समर्थन करणाऱ्याला मत दिल्यास सर्व श्रम व्यर्थ जातील, असे दुसरा गट म्हणे. मॅकार्थी दीर्घकाळ तटस्थ राहिला आणि मतदानापूर्वी जेमतेम आठवडाभर आधी, २९ ऑक्टोबर रोजी त्याने हंफ्रीला सौम्य शब्दांत पाठिंबा जाहीर केला. ५ नोव्हेंबर रोजी निक्सनला ४३·४, हंफ्रीला ४२·७ व तिसरा उमेदवार जॉर्ज वॉलेस यास १३·५ टक्के मते मिळाली. एक टक्क्याहूनही कमी अंतराच्या या पराभवात मॅकार्थीच्या अनुयायांच्या अलिप्ततेचा वाटा किती, हा वादाचा विषय राहिला. निक्सनच्या कारकीर्दीत अमेरिकेचा युद्धातील सहभाग १९७३ पर्यंत चालू होता.

पक्षनियमांतील सुधारणा : शिकागोत मॅकार्थीच्या पाठीराख्यांनी एक लढाई मात्र जिंकली. एकगठ्ठा मतदानाचा नियम रद्द करावा आणि १९७२ च्या प्रतिनिधींच्या निवडीत सर्व पक्षसदस्यांना वेळीच व पूर्णपणे भाग घेता यावा, असे ठरविणारा अल्पमताचा अहवाल अधिवेशनाने संमत केला. त्यानुसार १९६९ मध्ये मॅक्‌गव्हर्नच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. पुढे त्याची धुरा प्रतिनिधिगृहाचा सदस्य डॉनल्ड फ्रेझर याच्याकडे गेल्यामुळे तो मॅक्‌गव्हर्न-फ्रेझर आयोग म्हणून ओळखला जातो. निवडीचे नियम लेखी असावेत, सभांची पूर्वसूचना जाहीरपणे द्यावी, प्रतिनिधी निवडणुकीच्या वर्षातच निवडावेत आणि स्त्रिया, तरुण व अल्पसंख्य यांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे बंधन त्याने राज्यशाखांवर घातले. ते पाळण्यासाठी अनेक राज्यांनी प्राथमिक निवडणुका सुरू केल्या व हळूहळू दोन्ही पक्षांत त्याच निर्णायक ठरल्या.

नव्या नियमांचा पहिला लाभ मॅक्‌गव्हर्नलाच झाला. १९७२ मध्ये त्याने युद्धविरोधी कार्यकर्त्यांच्या बळावर उमेदवारी मिळविली. पण निक्सनने ५० पैकी ४९ राज्ये जिंकून त्याचा दारुण पराभव केला. कार्यकर्त्यांना प्रिय असणारा उमेदवार सर्वसामान्य मतदारांना मान्य होईलच असे नाही, असा निष्कर्ष पक्षनेत्यांनी त्यावरून काढला. १९८० नंतर पक्षाने लोकप्रतिनिधी व पदाधिकारी यांना पदसिद्ध प्रतिनिधित्व पुन्हा दिले. १९८४ पासून असे ‘अतिप्रतिनिधी’ अधिवेशनात मतदान करू लागले. २०१६ मध्ये स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणविणाऱ्या बर्नी सँडर्सच्या पाठीराख्यांनी या व्यवस्थेवर आक्षेप घेतला आणि २०१८ मध्ये चुरशीच्या स्पर्धेतील पहिल्या फेरीत मत देण्याचा त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला. २०२४ मध्ये जो बायडेनने जुलैत माघार घेतल्यावर कमला हॅरिसला मिळालेली उमेदवारी ही हंफ्रीनंतर त्या वर्षीच्या प्राथमिक निवडणुका न लढविता मिळालेली पक्षाची पहिलीच उमेदवारी होय.

निवडणूक निधी : विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेमुळे ही मोहीम निर्धन होती अशी समजूत झाली. वास्तविक थोड्या धनिक युद्धविरोधकांच्या मोठ्या देणग्यांचा तिला भक्कम आधार होता. १९७४ च्या कायद्याने अशा देणग्यांवर प्रत्येक व्यक्तीस, प्रत्येक निवडणुकीत व प्रत्येक उमेदवारासाठी १,००० डॉलरची मर्यादा घातली. तीमुळे प्रस्थापितांविरुद्ध उभे राहणाऱ्यांचीच कोंडी होईल, असे म्हणून मॅकार्थी हा इतरांसह सर्वोच्च न्यायालयात गेला. बकली विरुद्ध वालेओ या खटल्यात १९७६ मध्ये न्यायालयाने देणग्यांवरील मर्यादा वैध व उमेदवारांच्या खर्चावरील मर्यादा अवैध ठरविल्या. अमेरिकेतील निवडणूक निधीविषयक कायद्याचा हा निर्णय पाया मानला जातो. पुढे २००४ मध्ये हॉवर्ड डीन व २०१६ मध्ये सँडर्स यांनी इंटरनेटद्वारा असंख्य लहान देणग्या जमवून वेगळा मार्ग काढला.

मूल्यमापन : मॅकार्थीने १९७० मध्ये सीनेटची निवडणूक लढविली नाही व ती जागा हंफ्रीने जिंकली. १९७६ मध्ये तो स्वतंत्र उमेदवार म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याला एक टक्क्याहूनही कमी मते मिळाली. १९८० मध्ये तर त्याने रिपब्लिकन रॉनल्ड रेगनला पाठिंबा दिला. त्यामुळे त्याच्या नेतृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु मोहिमेचे महत्त्व केवळ त्याच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून नाही. तिच्यातील तरुणांनी संघटनेचे जे शिक्षण घेतले, ते पुढेही उपयोगी पडले. उदा., मोहिमेतील तरुणांचा संघटक सॅम ब्राउन हा ऑक्टोबर १९६९ मधील देशव्यापी युद्धविरोधी निदर्शनांच्या प्रमुख संयोजकांपैकी एक होता, तर लोवेनस्टाइन १९६८ मध्येच प्रतिनिधिगृहावर निवडून आला. असंतोष रस्त्यावर व्यक्त करण्याऐवजी तो मतपेटीद्वारे व्यक्त करता येतो आणि बलाढ्य अध्यक्षालाही त्याची दखल घ्यावी लागते, हे या मोहिमेने दाखवून दिले. त्याचबरोबर नैतिक प्रश्नावर एकवटलेला पाठिंबा व सत्ता मिळवून देणारे बहुमत या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची सांगड घालण्यात अपयश आल्यास मूळ प्रश्नही अनिर्णित राहतो, हेही तिच्या इतिहासावरून दिसून येते. अमेरिकेतील उदारमतवादी उमेदवारांच्या पाठीराख्यांपुढे त्यानंतरच्या अनेक अध्यक्षीय निवडणुकांत हाच पेच निरनिराळ्या रूपांत उभा राहिला आहे.